अंगचोर कोण?

वाचकहो, दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस आपल्या घरात साखर येते, रवा-मैदा येतो, हरभऱ्याची डाळ येते, तेलाचा डबा येतो. गृहिणी भाव विचारते, गृहस्थ बिलाकडे पाहून सुस्कारा टाकतात आणि मुले फराळाची वाट पाहू लागतात. ही साखर आपल्या डब्यात पडेपर्यंत तिला किती जणांनी उचलले असेल, याचा हिशेब मात्र कोणी करीत नाही. आज आपण तो करून पाहू. कारखान्यात पोते भरले, शिवले आणि गोदामात थप्पीला लागले, ही पहिली उचल. थप्पीवरून मालमोटारीत चढले, ही दुसरी. मोटारीतून घाऊक व्यापाऱ्याच्या वखारीत उतरले, ही तिसरी. वखारीतून टेम्पोत गेले, ही चौथी आणि टेम्पोतून आपल्या वाण्याच्या दुकानात आले, ही पाचवी. एखादी उचल यंत्राच्या पट्ट्याने वाचवली असे धरले, तरी लाडवाचा पहिला घास आपल्या तोंडात जाण्यापूर्वी त्यातली साखर चार वेळा कोणाच्या ना कोणाच्या पाठीवर बसून आलेली असते.

या सदराचे नित्याचे वाचक जाणतात की एखाद्या शब्दाचे बोट धरून निघायचे आणि तो नेईल तिकडे जायचे, ही माझी जुनी खोड. मराठी शिकवणाऱ्याला दुसरी कोणती चैन परवडणार? या दिवाळीला मी ज्या शब्दाचे बोट धरले आहे, तो सणासुदीला फारसा शोभणारा नाही. तो शब्द आहे ‘अंगचोर’. काम करताना जो आपले अंग राखून ठेवतो, तो अंगचोर. पण हा शब्द आपण कोणाला लावतो ते पाहा. कचेरीत दुपारी दोनदा चहाला उठणाऱ्या साहेबांना तो कोणी लावीत नाही. आम्हा प्राध्यापकांना दोन तासांच्या मध्ये मोकळा तास मिळतो आणि तो वेळापत्रकात रीतसर छापलेला असतो. ओझे वाहणारा माणूस मात्र पाच मिनिटे पोत्याला टेकून बसला, की तो अंगचोर! ‘पाट्या टाकणे’ हा आपला वाक्प्रचारही त्याच घरातला. मन न लावता कसेबसे काम उरकणाऱ्याला आपण ‘पाट्या टाकतो’ म्हणतो. खरोखरच्या पाट्या टाकणाऱ्या माणसाला दिवसभरात किती पाट्या टाकाव्या लागतात, हे ज्याने पाहिले आहे त्याने हा वाक्प्रचार नक्कीच घडवलेला नाही.

आमचे मालेगाव हे ओझ्याचे गाव आहे, असे मी म्हटले तर गावकरी रागावणार नाहीत. मोसम आणि गिरणा या दोन नद्यांच्या आसऱ्याने वसलेले हे गाव. गावात यंत्रमागांचा खडखडाट आणि गावाबाहेर कांद्याचा मुलूख. रेल्वे गावात आलेली नाही, ती मनमाडला. त्यामुळे जे काही येते-जाते ते मुंबई-आग्रा रस्त्यावरून मोटारीने. सुताच्या गाठी उतरवायच्या, सूत गुंडाळलेले बीम मागावर चढवायचे, विणलेल्या कापडाच्या गाठी पुन्हा मोटारीत भरायच्या. तिकडे बाजारात कांद्याच्या गोण्या, धान्याची पोती, खताच्या पिशव्या. माग विजेवर चालतो खरा, पण बीम मागापर्यंत न्यायला अजून पुष्कळ ठिकाणी माणसाचाच खांदा लागतो. बीम वेळेवर आले नाही तर माग उभा, विणकर रिकामा आणि मालकाचे भाडे मात्र चालू. एवढ्या मोठ्या धंद्याची नाडी अशी चार खांदेकऱ्यांच्या हाती आहे. आणि त्या खांदेकऱ्यांविषयी गावात सर्वांत अधिक ऐकू येणारा शब्द कोणता, तर अंगचोर.

गावातले एक घाऊक व्यापारी माझ्या परिचयाचे आहेत. मनुष्य सज्जन, देवभोळा आणि हिशेबाचा पक्का. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या वखारीवर काही कामानिमित्त गेलो होतो. मोटार लागलेली होती, माल उतरत होता आणि टोळीतले तीन-चार जण भिंतीच्या सावलीत बसले होते.

“पाहा सर,” शेठ म्हणाले, “हे असं चालतं. मोटारवाला माझ्या नावाने ओरडतोय आणि ही मंडळी बसलेली. पोत्यामागे दर ठरलेला आहे. जास्त उचललं तर त्यांनाच जास्त मिळणार, तरी बसतात! आता तुम्हीच सांगा, याला अंगचोरी नाही तर काय म्हणायचं?”

टोळीचे मुकादम तिथेच होते. वय साठीच्या आसपास. सारा बाजार त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी शेठच्या बोलण्याचा राग मानला नाही. डोक्यावरचा पटका सोडून त्यांनी घाम पुसला आणि मला म्हणाले, “सर, तुम्ही शिकलेले आहात म्हणून सांगतो. जो नवा पोरगा येतो ना, तो बसत नाही. पहिल्या दिवशी तो सगळ्यांच्या पुढे असतो. दुसऱ्या दिवशीही येतो. तिसऱ्या दिवशी येत नाही. बसायला शिकतो, तोच या धंद्यात टिकतो.”

शेठ हसले. मीही हसलो. पण घरी येताना ते वाक्य माझ्याबरोबर आले. ‘बसायला शिकणे’ हा हमालीच्या शिक्षणाचा एक भाग आहे, ही गोष्ट मला नवीन होती. पुढे काही दिवस मी यावर जे मिळेल ते वाचीत गेलो, आणि हळूहळू ध्यानात आले की चाचांचे हे वाक्य सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका इंजिनियराने मोठा गाजावाजा करून जगाला सांगितले होते.

त्या इंजिनियराचे नाव फ्रेडरिक टेलर. १८९९ साली पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात कच्च्या लोखंडाच्या लगडी उचलून रेल्वेच्या वाघिणीत टाकण्याचे काम चालू होते. एक लगड ९२ पौंडांची, म्हणजे सुमारे ४२ किलोची. एक माणूस दिवसाला साधारण साडेबारा टन लोखंड चढवी. टेलरने हिशेब मांडला आणि सांगितले की हाच माणूस दिवसाला साडेसत्तेचाळीस टन चढवू शकेल! कसा? तर त्याने योग्य वेळी थांबले पाहिजे. इतक्या वजनाचे ओझे वाहणाऱ्याच्या अंगावर दिवसातला शेकडा ४३ टक्केच वेळ भार असावा. उरलेले ५७ टक्के त्याचे हात मोकळे असावेत, असे त्याचे गणित होते. म्हणून एक माणूस घड्याळ घेऊन शेजारी उभा राही आणि ‘उचल’, ‘चाल’, ‘आता बस’ असे सांगत जाई. टेलरने १९११ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ही हकिगत रंगवून सांगितली आणि ती जगभर गाजली.

या हकिगतीला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. काम जवळजवळ चौपट झाले, पण मजुरी १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर गेली, म्हणजे दीडपटीहून जराशी अधिक. शिवाय आठांतला एकच माणूस हे काम झेपवू शकेल, असे टेलरनेच लिहून ठेवले आहे. मग उरलेल्या सातांचे काय, हा प्रश्न आपल्याला पडतो. पुढच्या काळात अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा टेलरने गोष्टीला बरेच तिखटमीठ लावले होते, हेही उघडकीस आले. तेव्हा त्याचे आकडे जपून घ्यावेत. परंतु त्याच्या सांगण्याचा गाभा मात्र आमच्या चाचांच्या अनुभवाशी जुळतो. ओझ्याखाली असलेला स्नायू आवळलेला असतो, त्यात रक्त पुरेसे फिरत नाही आणि थकवा साचत जातो. भार उतरला की रक्त फिरते आणि थकवा ओसरतो. लहान लहान विसावे वरचेवर घेतले तर तो पुरता ओसरतो. दम संपेपर्यंत थांबलेच नाही, तर नंतर तासभर बसूनही भागत नाही. विहिरीला झरे असतात, पण पोहऱ्यामागून पोहरा काढीत राहिले तर तळ लागतोच, तसेच हे.

टेलरने आणखी एक गोष्ट पाहिली. त्या कारखान्यात मजूर आपापली फावडी घरून आणीत. एकाच फावड्याने हलका कोळसा उचलला तर साडेतीन पौंड आणि जड खनिज उचलले तर अडतीस पौंड! त्याने प्रयोग करून ठरवले की फावड्यात सुमारे एकवीस पौंड, म्हणजे साडेनऊ किलो भरले, तर दिवसाचे काम सर्वांत जास्त होते. मग हलक्या मालाला मोठे फावडे आणि जड मालाला छोटे, अशी फावडी कारखान्यानेच ठेवली. मजूर तेच, त्यांचे दंड तेच. बदलली ती फावडी.

इथे मला आपल्या पोत्याची आठवण होते. माझ्या लहानपणी साखरेचे पोते क्विंटलचे, म्हणजे शंभर किलोचे असे. दोघांनी धरून ते तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचे आणि त्याने कमरेत वाकून, डोळे फळीवर ठेवून मोटारीत चढायचे. साठ किलोचा माणूस आणि त्याच्या पाठीवर शंभर किलोचे पोते! आपण घोड्याच्या पाठीवरही इतके लादीत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली कमाल ओझ्याविषयी करार केला आणि त्याच्या जोडीच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचवली. आपल्याकडे हमालांच्या संघटना पोत्याचे वजन निम्मे करा म्हणून वर्षानुवर्षे भांडल्या. आता साखर आणि धान्य सर्वसाधारणपणे पन्नास किलोच्या पोत्यात येते. तेव्हा व्यापाऱ्यांची तक्रार अशी होती की पोती दुप्पट, म्हणजे खेपा दुप्पट, म्हणजे वेळ दुप्पट. मी चाचांना हे विचारले.

“सर, शंभराचं पोतं पाठीवर चढवायला दोन माणसं उभी राहायची. तीन माणसांत एकच चालत होता,” ते म्हणाले. “पन्नासाचं पोतं एकाच्या हातभारानं चढतं. आणि शंभराचं पोतं वाहिलेला माणूस जेवणानंतर काय कामाचा असायचा, ते शेठला विचारा.”

शेठना विचारण्याची गरज पडली नाही. ते जवळच उभे होते आणि गप्प होते.

ओझ्याचे वजन ही तर एकच बाब झाली. ते कुठून उचलायचे, यालाही तितकेच महत्त्व आहे. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी एक सरकारी संस्था आहे. तिने १९९१ साली दोन्ही हातांनी ओझे उचलण्याचे एक सुधारित सूत्र प्रसिद्ध केले. सगळी परिस्थिती उत्तम असेल, म्हणजे ओझे कमरेच्या जरा खाली, सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीवर असेल, अंगाजवळ असेल, धरायला नीट असेल आणि अधूनमधूनच उचलायचे असेल, तर २३ किलोंपर्यंत उचलणे ठीक, असे ते सूत्र सांगते. आता ओझे घोट्यांपासून २५ सेंटिमीटरऐवजी ५० सेंटिमीटर पुढे ठेवा. २३ किलोंचे साडेअकरा होतात. तेच जमिनीवरून उचलायला लावा. साडेअकराचे सुमारे नऊच उरतात. पाठीवरून ओझे वाहून नेण्याला हे सूत्र लागू पडत नाही. ते उचलण्यापुरतेच आहे. पण एक गोष्ट ते स्पष्ट करते. माणूस तोच, ताकद तीच. ओझे अर्ध्या हाताने पुढे सरकले आणि जमिनीवर गेले, की त्याच माणसाची क्षमता निम्म्याहून खाली येते. मग मागे पडलेल्या कामाचा दोष माणसाला द्यायचा, की ओझे जिथे ठेवले त्या जागेला?

आता माझा स्वतःचा एक छोटासा हिशेब सांगतो. मी गणिताचा माणूस नव्हे, पण हा हिशेब चौथीतल्या मुलालाही येईल. सोळा टन माल मोटारीत भरायचा आहे. पन्नास किलोचे एक, अशी ३२० पोती झाली. मोटारीचा हौदा जमिनीपासून छातीइतका उंच. म्हणून फळी लावून चढायचे. आता दर खेपेला काय वर चढते? पोते तर चढतेच, पण त्याच्याखालचा माणूसही चढतो. माणसाचे वजन साठ किलो धरा. ३२० खेपांत टोळीने १६ टन माल वर चढवला आणि १९ टनांहून अधिक स्वतःलाच वर चढवले! या एकोणीस टनांची हमाली कोणाच्याही वहीत लिहिलेली नसते. वखारीचा धक्का हौद्याच्या उंचीचा बांधला, तर माणूस सपाटीवरून सरळ मोटारीत जातो आणि हे एकोणीस टन एका दमात वाचतात. रेल्वेच्या मालधक्क्यांची उंची वाघिणीच्या तळाशी मिळती ठेवण्याची अक्कल पूर्वीच्या लोकांना होती. आमच्या बाजारातल्या कितीतरी वखारी मात्र रस्त्याच्या पातळीवर आहेत आणि कमी पडणारी उंची हमालाच्या गुडघ्यांतून भरून काढली जाते.

तीच गोष्ट उन्हाची. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४३-४४ अंशांवर चढतो. कष्टाचे काम करणाऱ्या माणसाला अशा उन्हात तासाला लिटरभर घाम येऊ शकतो. तो गेलेला लिटर परत मिळाला नाही तर रक्त दाट होते, हृदयाचे ठोके वाढतात, पाय लटपटतात. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, असा या विषयातल्या जाणकारांचा सल्ला आहे. आता पाण्याचा माठ वखारीच्या मागच्या खोलीत असेल आणि तिथे जाणे म्हणजे खेप बुडवणे असेल, तर माणूस तासन्‌तास पाणी पिणार नाही. मग तो भोवळ येऊन बसेल आणि आपण त्याला अंगचोर म्हणू.

माझ्या वर्गात दुसऱ्या वर्षाला एक मुलगा आहे. तो मागच्या बाकावर बसतो आणि पहिल्या तासाला त्याचे डोळे मिटतात. एकदा त्याला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा कळले की तो रात्री मोटारी भरायला जातो. वडील हमाल होते. पंचेचाळिशीतच मणका सरकला आणि घरी बसले. त्यांची जागा टोळीत मुलाने घेतली.

“वडील बसायचे का रे मधूनमधून?” मी चाचांचे वाक्य आठवून विचारले.

“नाही सर,” तो म्हणाला. “बाबांना सगळे वाघ म्हणायचे. दोघांचं काम एकटे करायचे. घरावर कर्ज होतं ना.”

वाचकहो, शेठच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले. जास्त उचलले तर जास्त मिळते, तरी माणसे बसतात, याचे शेठना नवल वाटत होते. पण जो बसला नाही, त्याचे काय झाले, हे या मुलाने सांगितले. पोत्यामागे दर ठरला, की कर्जात असलेला माणूस आजची भाकरी उद्याच्या पाठीतून काढून खातो. आपल्या मराठीत ‘उचल’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक ओझ्याची उचल आणि दुसरी आगाऊ घेतलेल्या पैशांची. या दोन उचली एकाच माणसाच्या पाठीवर बसल्या, की तो विसावा घेत नाही. चार-पाच वर्षे त्याचे काम डोळ्यांत भरते. मग एक दिवस त्याचा मणका हिशेब चुकता करतो. त्या वाघाने जर चाळीस वर्षे साध्या हमालासारखे काम केले असते, तर त्याच्या हातून कितीतरी जास्त माल उचलला गेला असता आणि त्याचा मुलगा माझ्या तासाला जागा राहिला असता. दिवसाच्या पोत्यांवरून कामाचे माप काढणारा हिशेब इथे चुकतो. ते माप आयुष्याच्या पोत्यांवरून काढायला हवे.

ही गोष्ट महाराष्ट्राला अगदीच ठाऊक नाही असे नव्हे. पुण्यात नाना पेठेत दवाखाना चालवणाऱ्या डॉ. बाबा आढावांकडे हमाल औषधाला येत. दुखणे पाठीत असले तरी त्याचे मूळ बाजारात आहे, हे त्यांनी ओळखले आणि १९५०च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. पुढे त्याच पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली; कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर ताजे अन्न. अर्ध्या पोटी ओझे उचलत नाही, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केले. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझे वाहणारा. शब्द किती सरळ आहे पाहा. या चळवळींतून १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. १९४८च्या कारखाने कायद्याने इजा होईल इतके ओझे कामगाराला उचलायला लावू नये असे म्हटले होतेच. पण आज या दुकानी तर उद्या त्या मोटारीवर राबणाऱ्या हमालाला कारखाना कुठला आणि मालक कुठला? नव्या कायद्याने त्यावर तोड काढली. सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची मंडळे नेमायची, कामगाराने तिथे नाव नोंदवायचे, मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधपाणी यांची सोय व्हायची. कोणा एकाचा नोकर नसलेल्या माणसाला म्हातारपण देणारा हा कायदा होता.

पण कायदा झाला म्हणजे प्रत्येक वखारीपर्यंत पोहोचला असे होत नाही. नोंदणीबाहेर राबणारी माणसे पुष्कळ आहेत. माझा विद्यार्थी त्यांतलाच. शिवाय हमालीचा प्रश्न निघाला, की आपला वाद नेहमी एकाच जागी अडतो, तो म्हणजे पैसे कोणी द्यायचे. २०२४च्या एप्रिलमध्ये आमच्या नाशिक जिल्ह्यात हमाली-तोलाईची कपात आणि लेव्ही यांच्या वादावरून कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद राहिले. शेतकरी, व्यापारी आणि हमाल या तिघांचेही नुकसान झाले. हमाली कोणी द्यायची, हा प्रश्न खराच. पण धक्का नाही, सावली नाही, पाणी नाही म्हणून जी हमाली रोज वाया जाते, तिच्याबद्दल तिघांपैकी कोणीच बोलत नाही.

पूर्वीच्या लोकांना हे कळत होते. दक्षिणेत तमिळनाडू-केरळाकडे प्रवास केलेल्या वाचकांनी जुन्या रस्त्यांच्या कडेला एक चमत्कारिक दगडी रचना पाहिली असेल. दोन दगड उभे आणि त्यांवर एक आडवा. ना देऊळ, ना कमान. तमिळ भाषेत तिला ‘सुमैतांगी’ म्हणतात, म्हणजे ओझे पेलणारी. तिची उंची बेताची असते; डोक्यावरचे ओझे सरळ पुढे सरकवून त्या आडव्या दगडावर ठेवावे, घटकाभर विसावा घ्यावा आणि पुन्हा डोके लावून ओझे उचलावे. खाली वाकायला नको की ओझे द्यायला दुसरा माणूस नको. पोटात मूल असताना वारलेल्या बाईच्या स्मरणार्थ असे दगड उभारण्याची चाल तिकडे होती. तिचे ओझे उतरले नाही, म्हणून वाटसरूंचे तरी उतरावे! ज्याने कोणी तो पहिला दगड उभारला, त्याने टेलरचे पुस्तक वाचले नव्हते. पण विसावा हा कामाचा भाग आहे आणि विसाव्याची जागा योग्य उंचीवर हवी, हे दोन्ही त्याला पक्के माहीत होते.

आता तुम्ही म्हणाल, आमचा या सगळ्याशी काय संबंध? आमच्या घरी काही वखार नाही. पण स्वयंपाकाच्या गॅसची टाकी येतेच ना? आत १४.२ किलो गॅस आणि जवळजवळ तितकेच लोखंड. म्हणजे तीस किलोंच्या आसपास. उद्वाहक नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती खांद्यावरून येते. आणणाऱ्याला उशीर झाला, की आपण दारातच त्याला चार शब्द ऐकवतो. जिन्यातली चपलांची रांग, मध्येच ठेवलेली सायकल, न लागणारा दिवा, हे सारे त्याच्या ‘कामाच्या परिस्थिती’त मोडते आणि ते आपल्याच हातात आहे. दारात टाकी टेकवायला एखादे भक्कम स्टूल ठेवले आणि न मागता पेलाभर पाणी पुढे केले, तर आपल्या जिन्यातही एक सुमैतांगी उभी राहील.

शेठची हकिगत सांगून हा लेख आटोपता घेतो. पावसाळ्याआधी त्यांनी वखारीपुढे हौद्याच्या उंचीचा धक्का बांधून घेतला, त्यावर पत्रा घातला आणि माठ मागच्या खोलीतून धक्क्यावर आणला. माझ्या किंवा चाचांच्या बोलण्याने हे झाले असे मी म्हणणार नाही. मोटारवाले ओरडायचे थांबावेत हाच त्यांचा हेतू होता, आणि मोटारी खरोखर आता लवकर सुटतात. टोळी पूर्वीसारखीच मधूनमधून बसते. शेठ तिकडे पाहत नाहीत. परवा ते मला विचारीत होते, “सर, या धक्क्याचा खर्च कोणत्या खात्यावर टाकावा? मुनीम म्हणतो, हमाली खर्चात टाका.”

मी मराठीचा प्राध्यापक; जमाखर्चातले मला कितीसे कळणार? पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी वही उघडाल तेव्हा तो भांडवलात लिहा, असे मी त्यांना सांगितले.